एका इंचाचा हिशेब

सुरतेच्या उधन्यात गाडी खाली करून घ्यायला येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा बोटांनी बोलतं. टायरच्या वर आणि मडगार्डच्या खाली जी मोकळी जागा असते तिथे चार बोटं घालतं आणि म्हणतं, "भाऊ, एवढी फट नको. दोन बोटं राहिली पाहिजेत." कोणी हे हिंदीत सांगतं, लिंबायत-डिंडोलीकडचं असलं तर अहिराणीत. गुजराती गिऱ्हाईक त्याला हमखास पुढचं वाक्य जोडतं, "पण ठोकावी न जोईए." गाडी खाली तर हवी, पण खालून आपटायला नको. माझं सगळं काम या दोन मागण्यांच्या मधे चालतं.

मी फटीकडे नंतर बघतो. आधी डिकी उघडायला सांगतो. सुरतेत सेडानची डिकी क्वचितच रिकामी असते. रिंग रोडच्या कापड मार्केटात काम करणाऱ्याच्या डिकीत साड्यांची पार्सलं नाहीतर ताके असतात, आणि कापड दिसतं त्यापेक्षा फार जड असतं. खानदेशी माणसाची डिकी एरवी मोकळी असली, तरी आखाजीला, लग्नसराईला, कानबाईला गावी जाताना झाकण लागत नाही इतकी भरते; वर आत पाच माणसं. कंपनीने स्प्रिंग बनवलेली असते ती या दिवसाचा विचार करून. एकट्याने गाडी चालवताना जी फट डोळ्यांत खुपते, ती भरल्या गाडीसाठी राखलेली जागा असते. हे पटलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

माझे वडील अमळनेरकडून उधन्याला आले ते पॉवरलूमवर काम करायला. आमच्याकडच्या कितीतरी घरांसारखंच. मला लूमपेक्षा गॅरेजची ओढ होती. मी हाताखाली शिकत होतो तेव्हा हौशी लोकांच्या गाड्या म्हणजे फोर्ड आयकॉन आणि होंडा सिटीची व्हीटेक. त्या काळी गाडी खाली करण्याची एकच रीत सगळ्यांना ठाऊक होती : ग्राइंडर घ्यायचा आणि स्प्रिंगचा एक राउंड कापायचा. अर्ध्या दिवसात काम, पैसे थोडे, गाडी दिसायला झकास. तशा कापलेल्या स्प्रिंगा नंतर दुरुस्तीला यायच्या तेव्हा मी पाहिल्या आहेत. एका गाडीची मागची स्प्रिंग तर बैठकीतून सुटून तिरकी झाली होती, कापलेल्या कडेने बैठकीचं लोखंड खरवडलं होतं, आणि मालक 'मागून खडखड आवाज येतो' एवढीच तक्रार घेऊन आला होता. तो महामार्गावरून नीट पोचला हे त्याचं नशीब.

असं का होतं ते सांगतो, कारण गाडी खाली करण्यातला अर्धा धोका इथेच आहे. स्प्रिंगचं शेवटचं टोक बैठकीच्या खाचेत बसेल असं वळवलेलं असतं. ते कापलं की उघडं टोक कुठेतरी टेकतं. शिवाय चाक खड्ड्यात लोंबतं तेव्हाही स्प्रिंग थोडी दाबलेली राहावी, अशी तिची लांबी ठरवलेली असते. लांबी घटली की चाक लोंबताच ती सैल होते आणि जागा सोडते. कडकपणा तेवढा वाढतो : सहा राउंड काम करत असतील आणि एक कापला, तर स्प्रिंग वीस टक्के कडक होते. पण हा कडकपणा कोणी मोजून दिलेला नसतो, तो आपोआप आलेला असतो. खाली करण्यासाठी म्हणून मुद्दाम बनवलेल्या स्प्रिंगेत तारेची जाडी, राउंड, वेढ्याचा व्यास, टोकाचा आकार हे सगळं एकत्र ठरतं. नुसती तारेची जाडी घ्या. स्प्रिंगचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ ची केली तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. एका मिलिमीटरने एवढा फरक पडत असेल, तर तिथे ग्राइंडरच्या अंदाजाला जागा नाही.

डिंडोलीतल्या एका मुलाची गाडी सांगतो. मार्केटात हिशेबाचं काम करणारा, वापरलेली २०१४ ची होंडा सिटी घेतलेली. त्याला गाडी थोडी खाली हवी होती, पण त्याचं खरं दुखणं वेगळं होतं. गाव साक्रीकडे, त्यामुळे बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत कोंडाईबारी घाटातून नेहमीचं जाणं-येणं. तो म्हणाला, "दादा, घाटात वळणावर गाडी अंग टाकते. समोर ट्रक आला आणि ब्रेक मारला की नाक खुपसते. बायको डोळे मिटून बसते." हे ऐकून मला बरं वाटलं. ज्याला फक्त दिसण्यासाठी गाडी खाली हवी असते त्याच्याशी बोलणं लवकर संपतं. ज्याला वळणावरची गाडी सुधारायची आहे त्याच्यासाठी करण्यासारखं खूप असतं.

गाडी सपाट जमिनीवर उभी केली आणि चारही चाकांचं माप घेतलं. चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा. टायरच्या हवेने किंवा झिजेने हे माप बदलत नाही, म्हणून बोटांपेक्षा ते खरं. मागची डावी बाजू उजवीपेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर खाली निघाली. स्प्रिंग बसली होती. रॅम्पवर घेतल्यावर बाकीचं दिसलं. पुढच्या दोन्ही शॉकॲबच्या अंगावर तेलात कालवलेल्या धुळीचा जाड काळा थर होता. नुसता ओलसरपणा असता तर मी सोडून दिला असता. हे गळलेले शॉकॲब होते. लोअर आर्मच्या मागच्या बुशला चीर गेलेली. लिंक रॉडचा गोळा हाताने हलवला तर टकटक वाजत होता. पुढचे टायर आतल्या कडेने झिजलेले, आणि एका बाजूला एका कंपनीचा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या. मी त्याला रॅम्पखाली बोलावून प्रत्येक वस्तू हात लावून दाखवली. त्याच्या तक्रारीचा मोठा भाग या जुन्या सामानात होता. नवे शॉकॲब, नवे बुश आणि चार सारखे टायर एवढ्यावरही त्याची गाडी घाटात ओळखू येणार नाही इतकी सुधारली असती, आणि हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्याअधिक गाड्यांना याच्या पुढे काही लागत नाही.

पण शॉकॲब बदलायला स्ट्रट, म्हणजे शॉकॲब आणि स्प्रिंगची एकत्र जोडणी, उतरवावाच लागतो, स्प्रिंग काढावीच लागते. मजुरी तीच. मागची एक स्प्रिंग बसलेली असल्याने स्प्रिंगाही बदलायच्याच होत्या. म्हणून दोन्ही कामं एकदम करायचं ठरलं. त्याने विचारलं, किती खाली? मी म्हटलं, पंचवीस मिलिमीटर, एक इंच. त्याच्यापुढे मी जात नाही.

हा एक इंच मी लहर म्हणून धरलेला नाही. पुढच्या चाकांना या गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रट असतो. फोर्ड कंपनीचा इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन याची ही रचना १९५० च्या सुमारास इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सलमधून रस्त्यावर आली आणि आजही छोट्या गाड्यांत बहुतेक तीच आहे. स्वस्त, आटोपशीर, इंजिनाला जागा सोडणारी. तिच्यात एक खोच आहे, आणि गाडी खाली करणाऱ्या फार थोड्यांना ती माहीत असते. गाडी वळणावर कलते ती एका काल्पनिक बिंदूभोवती, ज्याला रोल सेंटर म्हणतात. गाडी खाली आली की तिचं वजनही खाली येतं, हे बरोबर. पण मॅकफर्सनमध्ये लोअर आर्मचा कोन बदलत गेल्याने तो रोल सेंटर वजनापेक्षाही जास्त खाली सरकतो. दोघांमधलं अंतर वाढतं, आणि तेच अंतर गाडीला कलवतं. म्हणजे स्प्रिंग कडक न करता गाडी नुसती खाली केली, तर ती वळणावर आधीपेक्षा जास्त अंग टाकू शकते. जितकी खाली, तितकी स्प्रिंग कडक हवी. आणि स्प्रिंग कडक केली की तिला आवरणारा शॉकॲबही तसा हवा.

हिशेब इथे येऊन अडतो. स्प्रिंग पंचवीस टक्के कडक केली, तर तिचं उसळणं आवरायला शॉकॲबची ताकद साधारण बारा टक्के वाढावी लागते, कारण इथे वर्गमूळ लागतं. चांगल्या प्रतीचा नवा, कंपनीच्या मापाचा शॉकॲब एवढं सांभाळून घेतो. आपल्या नाशिक-चाकणच्या कारखान्यांत बनणारे गॅब्रिएलचे शॉकॲब मी वर्षानुवर्षं बसवत आलो, माझा अनुभव असाच आहे. पण गाडी दीड-दोन इंच खाली आणि स्प्रिंग पन्नास-साठ टक्के कडक केली, तर तोच शॉकॲब स्प्रिंगपुढे हरतो. गाडी कडक लागते आणि उड्याही मारते, दोन्ही दुःखं एकदम. मग खास छोट्या दांडीचे महागडे शॉकॲब घ्यावे लागतात. त्यासाठी पैसे नसतील तर एक इंचावर थांबावं, हेच शहाणपणाचं.

दुसरं कारण चाकाला वर जायला लागणाऱ्या जागेचं. गाडी एक इंच खाली केली की खड्ड्यात चाक वर जाण्याच्या वाटेतला एक इंच आधीच खर्च होतो. त्या वाटेच्या शेवटी फोमसारखा बंप स्टॉप असतो. जास्त खाली केलेली गाडी सतत त्याच्यावरच बसलेली असते, आणि मग प्रत्येक खड्डा सरळ मणक्यात येतो.

गिऱ्हाइकांना भरल्या गाडीची भीती असते, पण तिथे कडक स्प्रिंग मदतीला येते. समजा मागची एक स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला अडीच किलो लागतात. मागच्या चाकांवर दोनशे किलो चढले, तर गाडी चाळीस मिलिमीटर बसेल. स्प्रिंग पंचवीस टक्के कडक असेल, तर बत्तीसच. म्हणजे रिकामी असताना पंचवीस मिलिमीटर खाली असलेली गाडी भरल्यावर सतराच मिलिमीटर खाली असते. हे आकडे मी कागदावर मांडून दाखवतो. मार्केटातल्या माणसाला हिशेब लगेच कळतो.

स्प्रिंगांचा सेट जुळवताना वेळ घालवावा. जर्मनीच्या आयबाख, एच अँड आर यांचं नाव मोठं आहे, पण आपल्याकडच्या प्रत्येक मॉडेलसाठी त्यांचा सेट असतोच असं नाही. आणि दुसऱ्या मॉडेलची स्प्रिंग 'बसते' म्हणून बसवायची नसते. नकली माल खोक्यावरून ओळखू येत नाही. स्प्रिंगवरचा नंबर, रंगाखालचा पोत, टोकाचं वळण हे जुन्या स्प्रिंगशेजारी ठेवून बघावं लागतं. डिंडोलीच्या त्या मुलाच्या गाडीसाठी मी पहिला आलेला सेट परत पाठवला, कारण मागच्या स्प्रिंगेचं खालचं टोक बैठकीच्या खाचेशी जुळत नव्हतं.

प्रत्यक्ष कामात सगळ्यात जपून करायची गोष्ट म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसर. पुढच्या एका चाकावर तीनशे किलोच्या वर भार असतो. तो सगळा त्या दाबलेल्या स्प्रिंगेत कोंडलेला असतो. दोन्ही बाजूंचे आकडे समोरासमोर लावायचे, पाना आळीपाळीने फिरवायचा, आणि स्प्रिंग बैठकीत हाताने गोल फिरली म्हणजेच वरचा नट सोडायचा. मी पोरांना स्प्रिंगेच्या तोंडासमोर उभं राहू देत नाही. नट सुटला की जुना शॉकॲब बाजूला घेऊन त्याची दांडी हाताने खाली दाबून बघतो. त्या सिटीची दांडी खाली गेली ती तिथेच राहिली, वर आलीच नाही. मुलगा शेजारी उभा होता. त्याला दुसरं काही सांगावं लागलं नाही. वरच्या माउंटचं बेअरिंगही वाळू भरल्यासारखं करकरत होतं. ते, बंप स्टॉप आणि धूळ अडवणारी रबरी टोपी, तिन्ही नवे घातले.

आणि एक गोष्ट, जी घाईच्या गॅरेजात सर्रास राहून जाते. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी रॅम्पवर लटकलेली असताना पक्के आवळायचे नसतात. बुश म्हणजे बाहेरची नळी, आतली नळी आणि मधे चिकटलेलं रबर. चाक लोंबतं ठेवून आवळलं की आतली नळी त्या स्थितीत जखडते. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. खाली केलेल्या गाडीत हा पीळ आणखी जास्त. म्हणून बोल्ट हाताने लावायचे, चाकांवर वजन येऊ द्यायचं, गाडी दोन-चारदा दाबून बसू द्यायची आणि मग टॉर्क रेंचने आवळायचं. जमिनीवर आडवं पडून हे करावं लागतं, वेळ जातो, पण नवे बुश टिकतात ते यामुळे.

जुन्या काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब मागच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, दांडीने एक्सलला जोडलेला. गाडी मागून खाली आली की त्याला वाटतं डिकी भरली आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जादा दाब देतो. ओल्या रस्त्यावर मागची चाकं जाम होतात आणि गाडी फिरते. अशा गाडीला हात लावण्याआधी तो व्हॉल्व्ह शोधायचा आणि त्याची दांडी नव्या उंचीला जुळवायची.

स्प्रिंगा बसायला थोडे दिवस लागतात. मुलाला तेवढे दिवस गाडी साधी चालवायला सांगून परत बोलावलं, पुन्हा टेप लावला आणि मगच अलाइनमेंट केली. गाडी खाली आली की पुढची चाकं वरून थोडी आत झुकतात आणि टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचं माप, बदलतो. लोक झुकलेल्या चाकाला घाबरतात, टायर मात्र खातो तो बहुतेक वेळा बिघडलेला टो. मागे दोन्ही चाकांना जोडणारा टॉर्शन बीम असल्याने तिथे फिरवायला काही नसतं, मोजून खात्री करायची एवढंच. शेवटी हेडलाइटचा झोतही जुळवला.

मी त्याच्याबरोबर कडोदऱ्यापर्यंत जाऊन आलो. पुलांच्या सांध्यांवर आधी गाडी दोनदा-तीनदा झुलायची, आता एकच ठोका आणि गप्प. उड्डाणपुलाच्या वळणावर स्टेअरिंग फिरवल्यापासून गाडी वळेपर्यंतची ढिलाई गेली होती. छोट्या खड्ड्यांत मात्र आधीपेक्षा जास्त कडक लागत होती, आणि ते मी त्याला बसवण्याआधीच सांगितलं होतं. ज्याच्या घरी कंबरदुखीचं वडीलधारं माणूस रोज गाडीत बसतं, त्याने हे काम करू नये असं माझं मत आहे. गावाहून त्याचा फोन आला तो घाट उतरल्यावर. म्हणाला, बायकोने या खेपेला डोळे मिटले नाहीत.

राहिला सुरतेचा रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, पसरट कमानीसारखा असायला हवा. सिटीच्या दोन चाकांमधलं अंतर २.६ मीटर. अशा कमानीवर चारही चाकं असताना मधे फुगवटा पाचच सेंटिमीटर येतो. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर, त्यातून पंचवीस गेले तरी १४० उरतात. भरलेली गाडीसुद्धा आरामात जाते. पण सोसायट्यांच्या दारात हात-दीड हात रुंदीचे काँक्रीटचे उंचवटे घालतात, त्यांची पूर्ण उंची पोटाखाली येते. मेट्रोच्या कामामुळे खणलेल्या रस्त्यांवरच्या लोखंडी प्लेटींचंही तेच. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी त्याच्या सोसायटीच्या दारातला उंचवटा मोजून यायला सांगतो. आणि पर्वत पाटिया, लिंबायत अशा भागांत खाडीचं पाणी पावसाळ्यात ज्यांच्या गल्लीत शिरतं, त्यांना मी सरळ नाही म्हणतो. त्यांना कंपनीने दिलेला प्रत्येक मिलिमीटर लागतो.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ तपशिलाला सोडून बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कडक शब्दांत उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आरसी बुकात स्प्रिंगेचा रकाना नसतो म्हणून लोक हे हसण्यावारी नेतात. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा हसू येत नाही. काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. काहीजण तिथूनच परत जातात, नाहीतर फक्त नवे शॉकॲब आणि बुश घालून घेतात, आणि त्यांचं काही बिघडत नाही.

तुम्ही हे काम करून घेणार असाल तर तीन गोष्टी मागून घ्या : चारही चाकांचं आधीचं आणि नंतरचं माप, अलाइनमेंटचा छापील कागद, आणि तुमच्या जुन्या स्प्रिंगा. स्प्रिंगा घरी ठेवा, गाडी विकताना किंवा पासिंगला त्या लागतील. मिस्त्रीला एवढं विचारा की बुशचे बोल्ट चाकांवर वजन आल्यावर आवळणार का. त्याला प्रश्न कळला नाही, किंवा त्याने ग्राइंडर हातात घेतला, तर किल्ली परत घ्या आणि दुसरं गॅरेज बघा.